घरच्यांना तारा लावत नाहीत

इको विभागात ताईंना बावीस वर्षं झाली होती. बावीस वर्षांत डॉक्टर बदलले, मशीन चार वेळा बदललं, भिंतींचा रंग हिरव्याचा पिवळा आणि पिवळ्याचा पुन्हा हिरवा झाला, पण ताई आणि त्यांचं ते चाकांचं गोल स्टूल काही जागचं हललं नाही. दिवसाला तीस-तीस माणसांच्या छातीवर जेल चोपडायचं, प्रोब फिरवायचा, पडद्यावर हलणारं हृदय बघायचं, मापं घ्यायची आणि कागद डॉक्टरांपुढे सरकवायचा. सगळं रुग्णालय त्यांना ताई म्हणे. खुद्द डॉक्टरही ताईच म्हणत, आणि ते ताईंपेक्षा सोळा वर्षांनी लहान होते, म्हणून ते चालूनही जाई.

आता या विभागाची एक रीत होती, ती आधी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यातूनच झालं. नेहमीचा रुग्ण आला की त्याच्या छातीवर तीन चिकटपट्ट्या लावायच्या आणि त्यांना तारा जोडायच्या. मग पडद्यावर चित्राच्या खाली एक हिरवी रेघ धावते. ठोका कधी सुरू झाला, हृदय पुरतं आवळलं कधी, सैल कधी पडलं, मध्येच एखादा आगाऊ ठोका घुसला का, हे त्या रेघेवरून कळतं. पण घरचं कुणी आलं, म्हणजे कुणाची सासू, कुणाचा मेव्हणा, कुणाची शेजारीण, की त्यांना जेवणाच्या सुट्टीत मागच्या दारानं आत घ्यायचं. नोंद नाही, नंबर नाही, आणि तारा तर नाहीतच. पट्टी काढताना कातडी ओढली जाते, वेळ जातो, आणि घरच्या माणसाला कशाला तो त्रास? पाहुण्याला पाट मांडून वाढतात आणि घरच्याला ओट्याशी उभ्या उभ्या, तसलाच प्रकार. चित्रं साठवायची ती मशीनमधल्या ‘टेस्ट’ नावाच्या फोल्डरमध्ये. प्रेमानं करत सगळे. बावीस वर्षांत कुणाचं काही बिघडलं नव्हतं. निदान तसं सगळे समजून चालले होते.

त्या दिवशी सकाळी सव्वानऊला भिंगरी आली, बरोबर तिचे बाबा.

भिंगरी म्हणजे ताईंच्या धाकट्या बहिणीची मुलगी. वय वर्षं एकोणीस. लहानपणापासून एका जागी टिकली नाही म्हणून हे नाव पडलं, ते पडलंच. अग्निशमन दलाच्या भरतीत तिची निवड होत आली होती; लेखी झालं, मुलाखत झाली, राहिली होती ती फक्त शेवटची अंगमेहनतीची परीक्षा. खांद्यावर पाण्याचा जाड पाइप घेऊन सहा मजले धावत चढायचे. ती उद्या होती. आणि भरतीच्या डॉक्टरनं छातीला नळी लावून ऐकलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाला, ‘‘टक्‌ असा आवाज येतोय. इको करून आणा, मग सही करतो.’’

‘‘मावशी, पटकन उरक हं,’’ टेबलावर चढता चढताच भिंगरी म्हणाली. ‘‘आणि त्या चिकटपट्ट्या नकोत. त्या काढताना जीव जातो माझा.’’

‘‘गप पड.’’

‘‘अगं पण आई म्हणायची, तू घरच्यांना लावत नाहीस.’’

ताईंचा हात पट्ट्यांच्या खोक्यात होता, तो तिथेच थांबला. मग त्यांनी तीन पट्ट्या काढल्या आणि एकेक करून दाबून लावल्या, नेहमीपेक्षा जरा जास्तच जोरात.

‘‘आई गं! सूड उगवतेस का माझ्यावर?’’

‘‘डाव्या कुशीवर वळ. हात डोक्याखाली. आणि तोंड बंद.’’

बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. साधा, सरळ, हळू बोलणारा माणूस. छापखान्यात कामाला होता. बायको गेल्यापासून तो आणखीनच हळू बोलायला लागला होता. सहा वर्षांपूर्वी भिंगरीची आई घराच्या जिन्यावरून पडून गेली. वय छत्तीस. त्या सकाळी जिना बाबांनी धुतला होता. खरं तर पाळी तिची होती, पण रविवार म्हणून तिला जरा उशिरापर्यंत झोपू द्यावं, या विचारानं त्यांनी साबणाच्या पाण्यानं पायऱ्या घासल्या, आणि त्या वाळायच्या आत ती खाली निघाली. बस्‌. एवढंच. सहा वर्षं तो माणूस ते साबणाचं पाणी उराशी धरून जगत होता. महिन्याभरात घर बदललं, तळमजल्यावरचं घेतलं, आणि परक्या इमारतीत जिना चढायची वेळ आली तरी कठडा धरून चढायचा, म्हाताऱ्यासारखा.

ताईंनी खोलीतला दिवा मालवला आणि प्रोब टेकवला.

पडद्यावर भिंगरीचं हृदय उभं राहिलं. तरणंताठं, जोमदार. ताईंनी आधी बघितली ती मायट्रल झडप, डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मधलं दुपाखी दार. ते दार बंद होताना दोन्ही पाखं नीट मिटून बसायला हवीत. इथे ती मिटत होती, पण मिटल्यावर दोन्ही वरच्या कप्प्यात फुगून जात होती, वाऱ्यानं शीड फुगावं तशी. पडद्यावर रक्ताच्या प्रवाहाला रंग लावून बघितलं तर गळती जेमतेम. इथपर्यंत सगळं ठीक. असली फुगरी झडप शंभरात दोघा-तिघांना असते, आणि ती माणसं नातवंडं खेळवून मग जातात. तीन वर्षांपूर्वीच्या ताई असत्या, तर त्यांनी इथेच प्रोब पुसून ठेवला असता.

पण ताईंनी तो ठेवला नाही. त्यांनी हिरव्या रेघेकडे बघत बघत ठोका अगदी पुरता आवळतो त्या क्षणावर चित्र थांबवलं, आणि झडपेच्या मागच्या बिजागरीशी नजर नेली.

तिथे फट होती.

झडपेची कडा खालच्या कप्प्याच्या स्नायूला जिथे पक्की धरून असायची, तिथून ती सुटून वर सरकली होती. ताईंनी माप घेतलं. दहा मिलिमीटर. पुन्हा घेतलं. दहा. चित्र दोन पावलं पुढे नेलं, हृदय सैल पडलं, आणि फट मिटून गेली, जणू कधी नव्हतीच. मग बिजागरीच्या हालचालीचा आलेख काढला, तर त्यात प्रत्येक ठोक्याला एक उंच अणकुचीदार टोक. म्हणजे ती सुटलेली कडा दर ठोक्याला आतल्या स्नायूला हिसका देत होती. एकोणीस वर्षं, रात्रंदिवस.

आणि तेवढ्यात हिरव्या रेघेवर एक ठोका आगाऊ आला. रुंद, बेढब. पुढे चार ठोके सरळ, आणि पुन्हा एक.

ताईंनी ते दोन्ही ठोके साठवून ठेवले.

‘‘झालं का गं?’’ भिंगरी म्हणाली. ‘‘थंडी वाजतेय मला.’’

‘‘झालं. जेल पुसून घे आणि बाहेर बसा दोघं. डॉक्टर राउंडवरून आले की बोलावते.’’

‘‘ताई, काही…?’’ बाबा उठता उठता म्हणाले.

‘‘डॉक्टर सांगतील,’’ ताई म्हणाल्या आणि बाबांकडे न बघता पडद्याकडे बघत राहिल्या. वेळ मारून नेण्यात बाईचा हात कुणी धरला नसता.

ती दोघं बाहेर गेल्यावर ताईंनी दाराला आतून कडी घातली आणि जे तीन वर्षं टाळलं होतं ते केलं. ‘टेस्ट’ फोल्डर उघडलं.

तीन वर्षांपूर्वी तंत्रज्ञांसाठी एक शिबिर झालं होतं. बाहेरून आलेल्या एका बाईंनी तिथे हीच फट पडद्यावर दाखवली होती. ‘‘गळती नाही म्हणजे धोका नाही, असं समजून पाट्या टाकू नका,’’ त्या म्हणाल्या होत्या. ‘‘ही फट, दोन्ही पाखं फुगलेली, आलेखातलं हे टोक आणि आगाऊ ठोके, असं सगळं एकत्र दिसलं तर पुढचे प्रश्न विचारा. यातली बहुतेक माणसं जगतात. थोडी चालता-बोलता जातात. थोडी कुठली, ते ओळखणं आपल्या हातात आहे.’’ दुसऱ्या रांगेत बसलेल्या ताईंनी लिहिणं थांबवलं होतं. कारण धाकट्या बहिणीची, भिंगरीच्या आईची, झडप त्यांना आठवली होती. दोन्ही पाखं फुगलेली. गळती नाही.

मग त्या दिवशीच परत येऊन चित्रं का नाही बघितली? हे कुणी विचारलं असतं तर ताईंकडे उत्तरं तयार होती. काम होतं. मशीन दुरुस्तीला होतं. जुनं फोल्डर उघडत नव्हतं. आज उद्या, आज उद्या करत तीन वर्षं निघून गेली. खरं कारण त्यांनाही ठाऊक होतं, पण ते त्यांनी मनातसुद्धा कधी नीट उच्चारलं नव्हतं.

फोल्डरात नावं नव्हती, नुसत्या तारखा. ताईंना तारीख पाठ होती.

चित्र सुरू झालं. सात वर्षांपूर्वीचं, भुरकट, खाली हिरवी रेघ नाही. चित्र जरा हिंदकळत होतं, कारण धाकटी हसत होती. जेल गार लागतं म्हणून हसत होती. ‘‘काय गं तुझं हे बर्फाचं दुकान,’’ असं काहीतरी म्हणाली होती. आणि ती आली कशाला होती? छातीत धडधड होते म्हणून. मध्येच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणून. ताईंनी पाच मिनिटांत सगळं उरकलं होतं. ‘‘काही नाहीये तुला. झडप जराशी फुगरी आहे, गळत नाहीये. पाणी पी भरपूर आणि जागरणं कमी कर.’’ मग दोघींनी ताईंच्या डब्यातलं खाल्लं होतं आणि धाकटी घरी गेली होती. त्यानंतर ती एक वर्ष जगली.

रेघ नव्हती, तेव्हा हृदय आवळल्याचा क्षण ताईंना नुसत्या डोळ्यांनी शोधावा लागला. चौथ्या प्रयत्नात सापडला. त्यांनी माप घेतलं. नऊ मिलिमीटर.

आणि ठोके. चित्र जिथे जिथे हिंदकळलं होतं, त्यातल्या दोन जागा हसण्याच्या नव्हत्या. तिथे हृदयच मध्ये आगाऊ आवळलं होतं. सात वर्षांपूर्वी ताईंनी त्या बघितल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, ‘‘हसू नकोस गं, चित्र हलतंय.’’ तारा लावल्या असत्या तर रेघेनं ओरडून सांगितलं असतं.

धाकटी पायरीवरून घसरून गेली नव्हती. पायरीवर उभ्या उभ्याच तिचं हृदय थांबलं होतं, आणि मग ती पडली होती. पायऱ्या कोरड्या ठणठणीत असत्या, तरी पडलीच असती.

ताई बसून राहिल्या. पडद्यावर धाकटीचं हृदय तीन-तीन सेकंदांच्या फेऱ्यात चाललं होतं, थांबत नव्हतं. खाली कोपऱ्यात ‘काढून टाका’ असं बटण होतं. नोंद नाही, नंबर नाही, नाव नाही. एक बोट, आणि त्या सकाळचा मागमूस राहिला नसता. ताईंचं बोट त्या बटणापर्यंत गेलं. हो, गेलं, उगाच बाईला देव्हाऱ्यात बसवायला नको. बोट गेलं आणि बराच वेळ तिथे राहिलं. मग दारावर थाप पडली.

‘‘ताई, कडी कशाला लावलीय? डॉक्टर आलेत,’’ बाहेरून नर्स म्हणाली.

ताईंनी पडदा बंद केला. चित्र काढून टाकलं नाही, पण कुणाला दाखवायचं असंही ठरवलं नाही. त्यांना वाटत होतं, या वाटेला न जाताही जमेल. भिंगरीची फट मोठी आहे, आगाऊ ठोके आहेत, डॉक्टरांना तेवढं पुरे. धाकटीला कशाला मध्ये आणायचं?

विभागाचे डॉक्टर हुशार होते, पण भारी घाईचे. पाठीमागे सगळे त्यांना ‘शिक्का’ म्हणत, कारण कागद समोर आला की तो वाचून व्हायच्या आत त्यावर शिक्का उमटलेला असे. आज मात्र त्यांनी भिंगरीची चित्रं दोनदा बघितली.

‘‘चांगलं पकडलंत, ताई,’’ ते म्हणाले. मग भिंगरीकडे वळले. ती आणि बाबा समोरच्या खुर्च्यांत बसले होते. ताई दाराशी उभ्या. ‘‘हे बघ, तुझी झडप फुगरी आहे. अशी पुष्कळांची असते आणि बहुतेकांना काही होत नाही. तुझ्यात दोन-तीन गोष्टी जरा जास्तीच्या दिसतात, म्हणून विचारतो. सरळ उत्तरं दे. कधी शुद्ध हरपलीय?’’

‘‘नाही,’’ भिंगरी म्हणाली. पटकन.

‘‘धडधड? चक्कर?’’

‘‘नाही. मी रोज पाच किलोमीटर धावते, डॉक्टर. पोहते पण.’’

‘‘बरं. घरात कुणी अचानक गेलंय? तरुण वयात?’’

भिंगरीनं बाबांकडे बघितलं. बाबांनी मान खाली घातली.

‘‘आई गेली,’’ ती म्हणाली. ‘‘पण ती पडली. जिन्यावरून.’’

‘‘पायऱ्या ओल्या होत्या,’’ बाबा म्हणाले. ‘‘मी धुतल्या होत्या.’’ कुणी विचारलेलं नसताना म्हणाले. ते कायमच म्हणायचे.

‘‘अच्छा. अपघात,’’ डॉक्टर म्हणाले आणि तसं लिहिलं. ‘‘मग असं करू. पुढच्या आठवड्यात चोवीस तास छातीला एक छोटं यंत्र लावू, त्यात सगळे ठोके नोंदले जातील. नंतर एमआरआय. घाबरायचं कारण नाही.’’

‘‘आणि उद्याची परीक्षा?’’

डॉक्टरांनी पेन गालावर टेकवलं. ‘‘शुद्ध हरपलेली नाही, घरात कुणी तसं गेलेलं नाही. निव्वळ चित्रावरून मी कुणाची नोकरी अडवू शकत नाही. दे परीक्षा. दम लागला तर थांब.’’

‘‘डॉक्टर,’’ ताई म्हणाल्या, ‘‘मला वाटतं, हिला आजच दाखल करून घ्यावं.’’

सगळ्यांनी वळून बघितलं.

‘‘का?’’

‘‘फट मोठी आहे.’’

‘‘आहे ना, ते मीही बघितलं. पण एवढीच फट घेऊन डोंगर चढणारी माणसं मी बघितलीत. आणखी काही आहे का?’’

‘‘मला… ठीक वाटत नाही.’’

‘‘ताई, तुमच्या वाटण्यावर मी एका पोरीची नोकरी घालवू?’’ ते चिडून नाही म्हणाले, समजुतीनंच म्हणाले. आणि त्यांनी प्रमाणपत्राचा कोरा कागद पुढे ओढला.

‘‘मावशी, काय चाललंय तुझं?’’ भिंगरीचा आवाज चढला. ‘‘दोन वर्षं घासतेय मी यासाठी.’’

डॉक्टरांनी तारीख घातली. नाव लिहिलं. ताईंना पेनाचा आवाज ऐकू येत होता, एवढी शांतता होती. सहा मजले, खांद्यावर पाइप. कुठल्या मजल्यावर? त्यांना स्वच्छ दिसत होतं, आणि दिसत होतं त्यात जिना कोरडा होता. आत्ता गुळणी धरून उभं राहिलं तर कुणाला कधीच काही कळणार नाही. उद्या संध्याकाळी फोन येईल, नाहीतर येणारही नाही. येणार नाही कदाचित. बहुतेक माणसं जगतात.

शिक्का उचलला गेला.

‘‘ती पडून नाही गेली,’’ ताई म्हणाल्या.

‘‘कोण?’’ डॉक्टर म्हणाले.

‘‘माझी बहीण. हिची आई. तिला हीच फट होती. नऊ मिलिमीटर. आगाऊ ठोके होते. जिन्यावर तिचं हृदय थांबलं आणि मग ती पडली.’’

बाबांनी मान वर केली.

‘‘तुम्हाला कसं माहीत?’’ डॉक्टरांनी विचारलं.

‘‘मी इको केला होता तिचा. ती जायच्या आधी एक वर्ष. इथेच, सुट्टीत. तारा न लावता.’’ आता तोंड उघडलंच होतं, तेव्हा ताई थांबल्या नाहीत. ‘‘धडधड होते, अंधारी येते, असं सांगत होती. मी गळती बघितली, नव्हती, म्हणून म्हटलं काही नाही. ठोके मला दिसले होते. मला वाटलं, ती हसतेय. चित्रं आहेत अजून मशीनमध्ये. चला, दाखवते.’’

डॉक्टरांनी शिक्का खाली ठेवला. उमटवला नाही, नुसता ठेवला. प्रमाणपत्राचा कागद मधोमध दुमडून कचऱ्याच्या टोपलीत टाकला आणि मघाशी लिहिलेला ‘अपघात’ हा शब्द खोडला.

‘‘म्हणजे घरात एक अचानक मृत्यू. छत्तिसाव्या वर्षी,’’ ते म्हणाले, आणि आता त्यांना कुठलीच घाई नव्हती. ‘‘मुली, मी तुला पुन्हा विचारतो. आणि आता नोकरीचा विचार करून उत्तर देऊ नकोस. कधी शुद्ध हरपली होती?’’

भिंगरी मावशीकडे बघत होती.

‘‘आईलाही अंधारी यायची?’’ तिनं विचारलं.

‘‘हो.’’

‘‘तिनं तुला सांगितलं होतं, आणि तू…’’

‘‘हो गं.’’

भिंगरी रडली नाही. तिनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि जमिनीकडे बघत म्हणाली, ‘‘दोनदा. एकदा गेल्या वर्षी, तलावात. प्रशिक्षकांनी बाहेर काढलं. मी त्यांना म्हटलं, पायात गोळा आला. आणि एकदा परवा. मंगळवारी. धावून आले आणि दारातच… जाग आली तेव्हा मी पायपुसण्यावर होते. मला वाटलं, सांगितलं तर मला घेणार नाहीत.’’

बाबांच्या तोंडून एक आवाज निघाला. हुंदका नव्हे, कुणीतरी पोटात लाथ घातल्यावर निघतो तसा.

पुढचं सगळं भराभर झालं. चाकाची खुर्ची आली. ‘‘मी चालत जाते ना,’’ असं भिंगरी म्हणाली, तेव्हा डॉक्टरांनी तिला एक पाऊल चालू दिलं नाही. अतिदक्षता विभागात खाट रिकामी करवली. छातीला तारा, दंडाला सुई, डोक्याशी पडदा. आज-उद्या एमआरआय, आणि मग बहुधा छातीत कातडीखाली एक यंत्र बसवावं लागेल, ठोके भरकटले तर झटका देऊन ताळ्यावर आणणारं, असं डॉक्टर बाबांना समजावत होते. तोवर नजर हटवायची नाही, असं त्यांनी नर्सला बजावलं. बाबा प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. ऐकत किती होते, कोण जाणे.

अर्ध्या तासानं ते विभागाच्या दाराबाहेर आले. ताई तिथे भिंतीला टेकून उभ्या होत्या. आत जायचं धाडस त्यांना झालं नव्हतं.

‘‘पडद्यावर अधूनमधून लाल दिवा लागतो,’’ बाबा म्हणाले. ‘‘आत्ता एकदा सलग पाच ठोके तसले आले. नर्स धावत आली. मग आपोआप थांबलं.’’

‘‘देव पावला म्हणायचं, ती इथे आहे,’’ ताई म्हणाल्या.

‘‘हो.’’ बाबांनी मागचं दार ओढून घेतलं. मग म्हणाले, ‘‘सहा वर्षं, ताई. मी तुमच्याजवळच बोलायचो. दुसऱ्या कुणाजवळ नाही. मी पायऱ्या धुतल्या, मी तिला मारलं, असं म्हणायचो, आणि तुम्ही म्हणायचात, नका हो असं मनाला लावून घेऊ.’’

‘‘मला माफ करा.’’

‘‘तुम्हाला हे कधी कळलं? आज?’’

आज, असं म्हणता आलं असतं. चित्र तर आजच बघितलं होतं. खोटंही झालं नसतं.

‘‘चित्र आज बघितलं,’’ ताई म्हणाल्या. ‘‘पण शंका तीन वर्षांपासून होती. एका शिबिरात ही फट शिकवली, तेव्हापासून.’’

बाबांनी मनाशी हिशेब केला. तो त्यांच्या चेहऱ्यावर दिसला. तीन वर्षं. भिंगरी तेव्हा सोळाची. आणि तलाव गेल्या वर्षी.

‘‘म्हणजे ती पाण्यात बुडत होती, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं.’’

‘‘ठाऊक नव्हतं. भीती वाटत होती.’’

‘‘मग हिला नुसतं बोलावून तपासायचं होतं, ताई. दहा मिनिटांचं काम. मला काही सांगायचं नव्हतं, कारण द्यायचं नव्हतं. कसली भीती वाटत होती? तिच्या जिवाची?’’

त्यांनी आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर बरं झालं असतं, असं ताईंना वाटलं. जुन्या सवयीनं उत्तरं पुढे आली, कामाची, मशीनची, आज-उद्याची. ती एकामागून एक आली आणि आली तशी गेली.

‘‘माझ्या नावाची,’’ ताई म्हणाल्या.

बाबांनी मान हलवली. त्यांनी दार ढकललं. ताई त्यांच्या मागोमाग एक पाऊल पुढे झाल्या, तेव्हा त्यांनी न वळता हात आडवा केला.

‘‘तुम्ही आत येऊ नका.’’

ताई थांबल्या. उघड्या दारातून त्यांना खाटेचं पायथं दिसलं, चादरीखाली हलणारे भिंगरीचे पाय दिसले.

‘‘बाबा, मावशी कुठंय?’’ आतून भिंगरीनं विचारलं.

बाबांनी काय उत्तर दिलं, ते दार लागल्यामुळे ताईंना ऐकू आलं नाही.